नववा प्रश्न बिघडलाय

पोपिंगा सरांनी आयुष्यात आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं होतं. एक सोडून. पाण्याच्या मीटरचा आकडा विचारणारं छापील कार्ड असो, नाहीतर चुकून त्यांच्या दारात पडलेलं दुसऱ्याच कुणा पोपिंगांचं लग्नाचं आमंत्रण असो (आमच्या उत्तर जर्मनीतल्या लेअर गावात पोपिंगा पैशाला पासरी), तिसऱ्या दिवशी सरांचं उत्तर पेटीत पडलेलं असायचं. त्या दुसऱ्या पोपिंगांना तर आपण लग्नाला का येऊ शकत नाही याची त्यांनी तीन कारणं कळवली होती. पहिलं कारण, आपली ओळख नाही.

ते एक पत्र मात्र तीन वर्षं शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात पडून होतं. जागा सरांनी विचारपूर्वक निवडली होती. घरात शब्दकोश उघडणारं माणूस एकच, ते स्वतः. आणि त्यांनी दुसरा खंड उघडणं बंद केलं. त्या खंडातल्या अक्षरांनी सुरू होणारा एखादा शब्द अडला, तर सर अख्खं वाक्यच बदलून टाकत. आपली चूक टाळायला माणूस किती लांबचा वळसा घेतो, याचं याहून मोठं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पत्र होतं टोमा उकेना हिचं. चांगल्या पस्तीसएक वर्षांपूर्वी ती सरांच्या नववीच्या वर्गात होती. आता तिचा छपरं घालण्याचा स्वतःचा धंदा होता, हाताखाली अकरा माणसं. पत्राबरोबर तिने त्या वेळच्या पेपराची प्रत जोडली होती. गणित चौथं: घराची रुंदी आठ मीटर, आढं भिंतीच्या माथ्यापासून तीन मीटर उंच, तर वाशाची लांबी किती? टोमाने लिहिलं होतं, पाच मीटर. त्यावर लाल शाईची तिरकी रेघ, शेजारी ‘१० मी.’ आणि त्याखाली सरांच्याच टपोऱ्या अक्षरात ‘मूर्खपणा’.

‘काल एका घराला नेमकं हेच माप आलं,’ टोमाने लिहिलं होतं. ‘मी पाच मीटरचा वासा कापला. बसला. दहाचा कापला असता तर शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात गेला असता. माझी तक्रार नाही, सर. तुमचं आता काय म्हणणं आहे, तेवढं कळवा.’

सरांनी त्याच संध्याकाळी गणित करून पाहिलं. करायचं काय होतं? अर्धी रुंदी चार, उंची तीन, तिरकी बाजू पाच. या त्रिकोणाला शाळेतला शिपाईसुद्धा ओळखतो. मुलांनी शेजारच्याचं पाहू नये म्हणून आमच्याकडे परीक्षेला वर्गाचे दोन गट करतात, अ आणि ब. गणितं तीच, आकडे वेगळे. टोमा अ गटात होती. तिचा पेपर ब गटाच्या गठ्ठ्यात सरकला, आणि सरांनी तो ब गटाच्या उत्तरांशी ताडून तपासला. एवढ्यावर भागलं असतं तर ती नुसती चूक. पण दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन टेबलाशी आली, “सर, पाचच येतं” म्हणाली, तेव्हा पेपराकडे न पाहता सर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलले होते, “उकेना, तू घर बांधशील तेव्हा मला बोलाव. मी लांब उभा राहून बघेन.”

वर्ग खदाखदा हसला होता. लाजाळू माणसाला पंचवीस पोरांसमोर उभं केलं की तो एकतर रडतो, नाहीतर टोचून बोलतो. आणि रडणाऱ्या मास्तराला कोणी पेन्शनीपर्यंत टिकू देत नाही.

तर उत्तर लिहायला सर रोज सकाळी बसत. ‘सन्माननीय उकेनाबाई’ इथवर लेखणी बिनधोक जाई. पुढे चूक कबूल करायची होती. तिथे आलं की सर पेन्सिलींना टोक काढत. घरातल्या सगळ्या पेन्सिली सुयांसारख्या झाल्यावर त्यांनी प्रौढांच्या शिक्षण केंद्रात ‘साठीनंतर स्वतःचं संकेतस्थळ’ या वर्गाला नाव घातलं.

हा वर्ग घेणारा एन्नो डिर्क्सन हा कौतुकाचा रोगी होता. कोणी संगणक चालू केला की “मस्त”. कोणी चुकून बंद केला तरी “मस्त, आता पुन्हा चालू करू या”. नमुना म्हणून त्याने मुलांची गणिताची एक चाचणी पडद्यावर दाखवली. सात आठे किती? एका बाईंनी चोपन्न लिहिलं. लगेच पडद्यावर चांदण्या उधळल्या आणि अक्षरं आली: ‘जवळजवळ बरोबर. तुम्ही खूप छान आहात.’

“जवळजवळ म्हणजे?” सरांनी विचारलं. वर्गात ते पहिल्यांदाच बोलत होते.

“दोनानेच चुकलं ना, पोपिंगा.”

“दोनाने चुकलेलं चुकलेलंच असतं.”

“असेल. पण लोकांना बरं वाटायला हवं.”

“मग त्यांना सूप द्या,” सर म्हणाले, आणि आपण एवढं बोलून गेलो या धक्क्याने घर येईपर्यंत गप्प राहिले.

त्या दिवसापासून सरांच्या अंगात आलं. जगाला कौतुकाची मधुमेहासारखी बाधा झाली आहे आणि तिच्यावर कारल्याचा रस म्हणून आपण काहीतरी द्यायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. टोमाला उत्तर लिहिण्यापेक्षा जगावर उपचार करणं त्यांना सोपं वाटलं, यात नवल नाही. पुष्कळ थोर कार्यं अशीच सुरू झाली असावीत.

चार महिन्यांत संकेतस्थळ तयार झालं. नाव, ‘दिलगीर आहोत, चूक’. प्रश्न बारा, एकही नववीच्या वरचा नव्हे. गंमत प्रश्नांत नव्हतीच. उत्तर बरोबर दिलं तरी हे स्थळ ते स्वीकारत नसे. नुसता आकडा लिहिला, तर ‘एकक कुठे आहे? पाच काय, पाच बटाटे?’ एकक लिहिलं, तर ‘उत्तर पूर्ण वाक्यात हवं.’ पूर्ण वाक्य लिहिलं, तर ‘उत्तराखाली दोन रेघा मारा.’ मग माउस धरून पडद्यावर दोन रेघा ओढायच्या. त्या केसभर वाकड्या गेल्या की ‘पट्टी वापरा. पट्टी नसल्यास शेजाऱ्याकडून न बोलता घ्या.’ रेघा सरळ आल्या, तर ‘इतक्या लवकर जमलं? पुढच्या बाकावरचं पाहिलंत.’ असे सगळे अपमान झाले की पुढचा प्रश्न.

हे सगळं पहिल्यांदा पाहिलं शेजारच्या साटहॉफने. साटहॉफ नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यात अडतीस वर्षं होता, आणि निवृत्तीनंतर परवानग्या नाकारायला कोणी न उरल्याने त्याची तब्येत खालावली होती. सरांची आणि त्याची कुंपणाला कुंपण लावून सत्तावीस वर्षं गेली, तरी दोघं एकमेकांना अजून ‘तुम्ही’च म्हणत. घाई कशाची होती?

“पायथ्याशी तुमचं नाव, पत्ता आणि फोन हवा, तसा नियम आहे, पोपिंगा,” साटहॉफ म्हणाला.

“हे छंदाचं आहे. छंदाला लागत नाही तो नियम, असं डिर्क्सन म्हणत होता.”

“लागत नसेलही. पण लागत असता, तर तुम्ही अडकला असता. अडकण्याची वेळ कशाला येऊ द्यायची? आणि दुपारी एक ते तीन बंद ठेवा.”

“काय बंद ठेवू?”

“हे. विश्रांतीच्या वेळेत मी गवत कापायचं यंत्र लावत नाही. तुमचं यंत्र मग का चालावं?”

सरांना हे पटलं, ही खरी शोकांतिका. एक ते तीन या वेळेत सगळ्या जगासाठी गणित बंद झालं. रविवारी पूर्ण दिवस. पायथ्याशी सरांचं नाव, रस्ता, घर क्रमांक आणि फोन, शिवाय साटहॉफच्या आग्रहावरून ‘घंटा डाव्या दारावरची वाजवावी’ अशी सूचना. त्याखाली वाचकांची कोणती माहिती आपण साठवत नाही याचं अकरा पानांचं निवेदन. हजारो लोकांना जाणूनबुजून चिडवायचं आणि त्यांना आपल्या दाराची डावी-उजवी बाजूही सांगायची, हा मूर्खपणा करायला माणूस अतिशय कायदेभीरूच असावा लागतो.

मग एका शनिवारी जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने ‘लेअरच्या निवृत्त शिक्षकाचं जगातलं सर्वांत उर्मट संकेतस्थळ’ असं छापलं, आणि डाव्या दारावरची घंटा वाजायला लागली.

पहिला आला तो पापेनबुर्गहून सायकलवर, हातात पट्टी घेऊन. “हिने तुम्हीच रेघ मारून दाखवा,” म्हणाला. सरांनी सात वेळा प्रयत्न केला. सातही वेळा त्यांच्याच स्थळाने त्यांना पट्टी वापरायला सांगितलं. गृहस्थ समाधानाने परत गेला. मग फोन. एक निवृत्त न्यायाधीशबाई रोज सव्वातीनला फोन करून स्थळ तीनला उघडत नाही, तीन वाजून चार मिनिटांनी उघडतं, अशी तक्रार नोंदवू लागल्या. शिक्षणाशी संबंधित कुठल्याशा कार्यालयाने पत्र पाठवून विचारलं, की हा उपक्रम परीक्षा आहे की करमणूक? परीक्षा असल्यास अभ्यासक्रमाची मान्यता जोडावी; करमणूक असल्यास ती कुणाची होते ते नमूद करावं. सरांनी तीन जोडपत्रांसह दुसऱ्याच दिवशी उत्तर धाडलं. त्यावर उत्तर आलं की आपण आमच्या कक्षेत येत नाही असं आम्हांस वाटतं, तथापि येत असल्यास कळवावं. सरांनी तेही कळवलं.

“कोणाच्या कुठल्याही कागदाला तुझं उत्तर जातं,” गेशे म्हणाली. गेशे ही सरांची बायको. तिने चाळीस वर्षं दवाखान्यात परिचारिकेचं काम केलं होतं आणि माणसाची कुठली नस दाबली की तो ओरडतो हे तिला हाताला माहीत होतं. “मग रोज सकाळी दोन तास तू कुणाला लिहीत नसतोस?”

सर म्हणाले, पेन्सिली बोथट झाल्यात.

आणि याच सुमारास नवव्या प्रश्नाची भानगड उघडकीला आली.

झालं होतं असं. बारा प्रश्न जमवताना सरांनी नववा म्हणून टोमाचं छपराचं गणित घातलं होतं. आठ मीटर रुंदी, तीन मीटर उंची, वासा किती? आणि त्या एका ठिकाणी, टोमणा लिहायच्या जागी त्यांनी नुसतं ‘बरोबर’ लिहिलं होतं. एकक नको, वाक्य नको, रेघा नकोत. ‘५’ टाकलं की ‘बरोबर.’ हे केलं त्या दिवशी सरांना फार हलकं वाटलं होतं. जणू पत्र टाकूनच आलो. पेपर परत तपासला, गुण दिले, आता उरलं काय? उरलं होतं एवढंच की ज्या बाईला ते सांगायचं, तिला सोडून बाकी सगळ्यांना ते कळत होतं. एवढ्या बारीक गोष्टीकडे सरांनी लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते बोसेल मंडळाने. थंडीत रस्त्यावरून चेंडू घरंगळवत गावोगाव जाणारी आणि मागून हातगाडीवर दारू ओढत नेणारी ही सतरा म्हाताऱ्यांची संस्था. हिवाळा संपल्यावर करायला काही नसल्याने त्यांनी सरांचं संकेतस्थळ हाती घेतलं होतं. एका शनिवारी दुपारी, तीन वाजून चार मिनिटांनी, सतरा जण डाव्या दाराशी उभे राहिले. साटहॉफ अठरावा, साक्षीदार म्हणून.

गेशेने सगळ्यांना आत घेतलं, कारण आमच्याकडे भांडायला आलेल्यालाही चहा दिल्याशिवाय भांडता येत नाही. आधी कपात खडीसाखर, त्यावर चहा, कडेने साय, ढवळायचं नाही. आणि तीन कप झाल्याखेरीज कुणी उठायचं नाही. सतरा आणि एक अठरा, अठरा त्रिक चोपन्न. सरांनी मनातल्या मनात गुणाकार केला, आणि तो बरोबर आला याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

“सर, आम्ही तीन आठवडे तुमच्याकडून बोलणी खातोय,” मंडळाचा अध्यक्ष ओक्को हेरेन म्हणाला. “त्याबद्दल तक्रार नाही. उलट सवय झालीय. घरी तरी वेगळं काय आहे? पण नववा प्रश्न बिघडलाय.”

“कसा?” सरांचा कप हातात थांबला.

“नुसतं ‘बरोबर’ म्हणतो.”

“बरोबर असेल तर म्हणणारच की.”

“बाकीच्या अकरांना का नाही म्हणत मग? रात्रंदिवस शिव्या घालणारा माणूस एकदम ‘बरोबर’ म्हणाला की जीव घाबरा होतो. माझ्या बायकोला वाटलं मीच संगणक मोडला.”

“एकसूत्रीपणा नाही, पोपिंगा,” साटहॉफने शिक्का मारला. “अकरा ठिकाणी नकार आणि एका ठिकाणी मंजुरी. याला आमच्या खात्यात वशिला म्हणायचे.”

अठरा माणसं सरांकडे बघत होती. लाजाळू माणसाला अशा वेळी जे सुचतं तेच त्यांना सुचलं. ते म्हणाले, “करतो दुरुस्त.”

“आत्ताच करा की. आम्ही बघतो.”

सर संगणकापाशी जाऊन बसले. मागे अठरा माणसं कपबशा सावरत उभी. नवव्या प्रश्नाची ओळ उघडली. ‘बरोबर’ हा शब्द सरांनी पुसला. जागा रिकामी झाली.

“आता काय लिहू?” त्यांनी कुणालाच नाही अशा आवाजात विचारलं.

हेरेनने चहाचा घोट घेतला. “काहीतरी जळजळीत हवं. ‘मूर्खपणा’ लिहा. तुमच्या तोंडी शोभेल.”

सरांनी दोन अक्षरं टाइप केली आणि त्यांची बोटं थांबली. साटहॉफ म्हणाला, पुढचं अक्षर उजवीकडे आहे. सर म्हणाले, “माहीत आहे.” मग त्यांनी ती दोन अक्षरं पुसली.

“हे मी एकदा लिहिलंय,” सर म्हणाले. “याच गणिताखाली. उत्तर पाचच होतं. पोरगी सांगायला आली तर मी तिचं हसं केलं. तिने तीन वर्षांपूर्वी पत्र पाठवून विचारलंय. मी उत्तर दिलं नाही.”

“कोण पोरगी?” गेशेने विचारलं.

“टोमा उकेना.”

“उकेना?” हेरेन म्हणाला. “माझं छप्पर तिनेच घातलंय. दोन वादळं झाली, थेंब आला नाही. तिला तुम्ही मूर्ख म्हणालात?”

त्या वाक्यात जेवढा तिरस्कार होता तेवढा सरांच्या बारा प्रश्नांत मिळून नव्हता. सतरा माणसांची नजर एका क्षणात बदलली. इतका वेळ ती एका उर्मट पण हुशार माणसाकडे बघत होती.

गेशेने सरांकडे पाहिलं. “म्हणजे एका बाईला लिहायचं सोडून तू अख्ख्या मुलखाला लिहीत बसलास. आणि तिचं नावही घातलं नाहीस.”

“धीर झाला नाही.”

“उर्मटपणाला बरा झाला.”

तेवढ्यात पत्र कसं लिहावं याबद्दल अठरा सल्ले एकदम सुरू झाले. साटहॉफ म्हणाला, आधी विषय लिहा, मग तिच्या पत्राचा दिनांक, मग विलंबाचं कारण. कारण नसेल तर ‘प्रशासकीय’. एकजण म्हणाला, चूक लेखी कबूल करू नका, वकील असंच सांगतात. ‘गैरसमज झाला’ लिहा. दुसरा म्हणाला, पत्र कसलं पाठवता, केक घेऊन जा. तिसऱ्याचं म्हणणं, पस्तीस वर्षांनी जुनं कशाला उकरायचं, तिला आठवतही नसेल. ज्या बाईने पेपर जपून ठेवून प्रत काढून पाठवली तिला आठवत नसेल, असं म्हणणारा माणूस आमच्याकडे मंडळाचा खजिनदार होतो.

“सगळ्यांचा तिसरा कप झाला ना?” गेशेने विचारलं. आणि ‘आता पुरे’ म्हणून कोण कपात चमचा घालतंय याची वाट न पाहता तिने किटली उचलून स्वयंपाकघरात नेली. आमच्याकडे याहून कडक शब्दात कोणाला घालवता येत नाही. पाच मिनिटांत घर रिकामं झालं.

सर लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात त्यांनी दोन गटांच्या पद्धतीचा इतिहास लिहिला, फाडला. दुसऱ्यात त्या वर्षी त्यांना किती पेपर तपासायला असत याचा आकडा आला, तोही फाडला. तिसऱ्यात आपण किती दिलगीर आहोत हे एवढं सुंदर उतरलं की वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचीच कीव यावी. गेशेने तो वाचला आणि म्हणाली, “यात टोमा कुठे आहे?” सरांनी तोही फाडला. मग राहिलं ते इतकंच:

‘सन्माननीय उकेनाबाई,

पाच मीटर बरोबर आहे. तेव्हाही बरोबर होतं. मी तुमचा पेपर दुसऱ्या गटाच्या उत्तरांवर तपासला, आणि तुम्ही सांगायला आलात तेव्हा पाहिलं नाही. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मला हे कळलं होतं. वर्गात मी जे बोललो तो विनोद नव्हता.

हाब्बो पोपिंगा’

वाचून झाल्यावर सरांना ते फार तुटक वाटलं. आणखी एखादं वाक्य हवं का, निदान शेवटी हवामानाबद्दल? गेशेने पाकिटावर तिकीट चिकटवून त्यांच्या हातात कोट दिला.

पेटी कालव्याच्या पुलापाशी होती. सर पोचले तेव्हा पोस्टवाली बाई पेटीचं दार उघडून आतली पत्रं पिशवीत ओतत होती. सर पाकीट हातात धरून तिच्या शेजारी उभे राहिले. चौथं वाक्य जरा जास्तच झालं का? ‘त्याच संध्याकाळी’ याच्याऐवजी ‘लवकरच’ लिहिलं असतं तर? ते वाक्य खोटंही ठरलं नसतं.

“मोइन, सर,” तिने आमच्याकडचा नमस्कार केला. “टाकायचंय का?”

“एकदा टाकलेलं पत्र परत मागता येतं का?” सरांनी विचारलं.

“नाही. पिशवीत पडलं की ते ज्याच्या नावाचं त्याचं.”

“पाठवणाऱ्याने खूपच विनवणी केली तर?”

“मागच्या आठवड्यात एकजण इथे रडला. नाही दिलं.”

“बरं,” सर म्हणाले, आणि पाकीट तिच्या पिशवीत टाकलं.